परवानाधारक शेळी

आमच्या शेतातलं गांजाचं एक झाड शेळीनं खाल्लं. बाब गंभीर होती, हे मी आजही नाकारत नाही. काढणी तोंडावर आलेली, परवान्याचं नूतनीकरण बाकी, आणि ते अडलं तर उभं पीक सरकार उपटून नेणार.

दोष सवयीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, हम्बोल्टच्या या डोंगरात आम्ही दोन पिढ्या गांजा लावला तो चोरून. सरकारी गाडीचा आवाज आला की हातातलं रोप आडोशाला सारायचं, हे इथली पोरं चालण्याआधी शिकायची. पुढे गांजा कायदेशीर झाला. कुंपण आलं, कॅमेरे आले, प्रत्येक झाडाच्या कमरेला, यंत्राला दुरूनही वाचता येईल अशी, सरकारी नंबराची पट्टी आली. पण त्या सकाळी तपासनीसाची गाडी चढावर गुरगुरली आणि माझे हात कायद्याआधी हलले. समोरची कुंडी उचलून मी पर्लच्या गोठ्यात ढकलली. पर्लनं, म्हणजे आमच्या शेळीनं, झाड पट्टीसकट संपवलं.

तपासनीस ओट्स तरुण होता, बूट कोरे होते. पट्ट्या वाचायचं यंत्र फिरवत तो गोठ्याशी आला. पर्लच्या पोटापाशी यंत्र टिवटिवलं.

"बाई, एक झाड इथे आहे."

"ती शेळी आहे."

"पट्टी जिथे, झाड तिथे. पट्टी हरवली म्हणत असाल, तर ती चोरटी विक्री धरतात. परवाना जातो."

माझ्या मुलानं, वेस्लीनं, मला कोपरानं ढोसलं. "आई, झाडच आहे ते. चांगलं वाढलंय."

झाडाला गोठ्यात राहता येत नाही. म्हणून पर्ल कुंपणात गेली, रांगेत, कॅमेऱ्याखाली. वेस्लीनं भीत भीत विचारलं की हे झाड रद्द करता येईल का. ओट्सनं शांतपणे सांगितलं, येईल की; बारीक चिरायचं, तेवढीच माती मिसळायची, ओळखू येता कामा नये, सगळं कॅमेऱ्यासमोर.

पर्ल रवंथ करत होती.

"राहू दे," मी म्हणाले. "झाड निरोगी आहे."

मग दुधाचा प्रश्न आला. झाडापासून निघालेली वस्तू म्हणजे गांजाचा माल. ती घरात पिता येत नाही. दूध प्रयोगशाळेत गेलं. नशा शून्य, असा अहवाल आला, आणि तोही बाटलीवर छापला गेला. लहान मुलांना न उघडणारं झाकण, कर, सरकारी शिक्का. परवाना मिळाला, पीक वाचलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानांत दूध पुरेना. लोक कळवू लागले की हलकं चढतं, पण खोलवर जातं. वेस्ली दुसऱ्या शेळीला पट्टी चारायच्या विचारात आहे.

परवा शहरातली एक बाई मुद्दाम डोंगर चढून आली. या दुधानं तिची झोप सुधारली होती म्हणे. मी बाटली पुढे केली. धुक्यात ओली होऊन तिच्यावरचा कागद गळून पडला होता. बाईनं वास घेतला, नाक मुरडलं.

"यावर शिक्का नाही. काय असेल आत, कोण जाणे."

"दूध आहे," मी म्हणाले. तिला पटलं नाही.

तुम्ही हसताय. हसा. मग तुमच्या फडताळातल्या बाटल्या काढा, वरचे कागद सोलून टाका, आणि मला सांगा पाहू, कशात काय आहे.