डिसेंबरातला कूलर

"अवं, त्यात काय हाय! दोन मिनिटांचं काम! तू कुकर लाव. तिसरी शिट्टी व्हायच्या आत पिच्चर सुरू नाई केला तर नाव बदलीन!"

रूपराव असं म्हणाले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. पुढं कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरणभात झाला, तो जेवूनही झाला, आणि कॉम्प्युटरवर नवरदेव अजून घोड्यावरच! घोड्याचा एक पाय हवेत, बँडवाल्याचे गाल फुगलेले, नवरदेवाचं तोंड अर्धं उघडं. अर्ध्या मिनिटानं सगळी वरात एक हिसका देऊन दोन पावलं पुढं यायची आणि पुन्हा थिजायची. आवाज मात्र कोणासाठी थांबत नव्हता. नवरदेव मांडवाच्या दारात यायच्या आधीच मंगलाष्टकं संपली आणि भटजी दक्षिणा मागू लागले!

"झाली काय दोन मिनिटं?" स्वयंपाकघरातून कोकिळाबाईंनी विचारलं.

"मशीन गरम व्हायले वेळ लागते," रूपराव म्हणाले. त्यांना मशिनीतलं कळत होतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बोरगाव मेघ्यात त्यांनी एकतीस वर्षं नळ योजनेचा पंप चालवला. मशीन ऐकत नसली तर आधी तिला दोन शब्द सुनवावे, तरी ऐकली नाही तर एक बुक्की द्यावी, एवढ्या विद्येवर त्यांनी गावाला पाणी पाजलं. लेकीनं, म्हणजे वर्षालीनं, कॉलेजात असताना घेतलेला हा कॉम्प्युटर आता चौदा वर्षांचा झाला होता. त्याला सकाळपासून शब्द सुनवून झाले होते, बुक्क्याही झाल्या होत्या. शेवटच्या बुक्कीला नवरदेव घोड्यासकट आडवा थरथरला, बस.

आणि आज तो चालायलाच हवा होता, कारण दुपारी सेलूहून मनकर्णाबाई येणार होत्या!

मनकर्णाबाई म्हणजे कोकिळाबाईंची मोठी बहीण. वर्षाली सव्वा महिन्याची असताना कोकिळाबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा या बाईनं ते इवलंसं पोर उचलून सेलूला नेलं आणि शेळीच्या दुधावर वाढवलं. चांगली पाच वर्षांची करून, शाळेचं दप्तर पाठीला लावून परत आणून दिली. त्याच पोरीच्या लग्नाला निघताना मनकर्णाबाई रुखवताचा डबा घेऊन ओसरीवरून घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि वर्षालीची वरात निघाली तेव्हा त्या पलंगावर पाय टांगून छत बघत होत्या. नंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वर्षालीनं मोबाइलवर लग्नाचे फोटो दाखवले, त्यांत त्यांना फक्त मांडवाचा रंग दिसला. नऊ वर्षं अशी गेली. गेल्या महिन्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि डॉक्टरांचा चेहरा बघायच्या आत बाई म्हणाल्या, "आता मले माह्या पोट्टीचं लगन दाखवा."

रूपरावांनी या बाईचे आभार कधीच मानले नव्हते. जावयानं बायकोच्या बहिणीपुढं उभं राहून नेमकं काय बोलायचं, हे त्यांना जमलंच नाही. म्हणून हा व्हिडिओ. आपण बोललो नाही तरी व्हिडिओ बोलेल, असा त्यांचा हिशोब होता. घरातल्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागत नव्हता, म्हणून सगळी भिस्त या कॉम्प्युटरवर.

त्या व्हिडिओत एक भानगडही होती, तीही सांगून टाकतो. व्हिडिओ पहिल्यापासून अडकत अडकतच चालायचा, तरी बिदाईच्या वेळी रूपराव मांडवाच्या कोपऱ्यात, मोठ्या कूलरच्या बाजूला, ओल्या तोंडानं उभे दिसतात. कोणी विचारलं, "रडले काय जी?" की उत्तर ठरलेलं, "हट्! मे महिना होता, कूलर फुल्ल चालू होता. पाणी उडालं तोंडावर!" नऊ वर्षांत या उत्तरातला एक शब्द बदलला नव्हता.

अकरा वाजता रूपरावांनी हार मानली. म्हणजे मानली नाही, पिपरी मेघ्याला चंदनला फोन केला. चंदनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, माणूस पन्नाशीचा, शांत.

"काका, जुना हाय न तो. गरम झाला का हळू पडते. डब्ब्याचं झाकण उघडून ठेवा, हवा लागू द्या. बाकी कायलेच हात लावू नका. मी एक वाजेलोक येतो."

रूपरावांनी डब्बा पलंगावर ठेवला आणि बाजूचं झाकण ओढलं. आतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या भसकन बाहेर आल्या! मागून अक्षता, आपट्याची पानं, आणि हळदकुंकवाचा असा लोट की दोघं शिंकत मागं सरकले!

आता हे कोणाचं काम? रूपरावांचंच! नोकरीत असताना दर दसऱ्याला ते पंपाची पूजा करायचे. कॉम्प्युटर आल्यावर त्याचीही सुरू केली. पंप बिचारा बंद लोखंडाचा, वरून काहीही टाका, आत जात नसे. कॉम्प्युटरला वरच्या बाजूनं फटी होत्या, आणि त्या पूजेसाठीच ठेवल्यात अशी रूपरावांची प्रामाणिक समजूत होती. चौदा दसरे झाले! वरून कोकिळाबाईंनी क्रोशाचं विणलेलं झाकणही घातलं होतं, आत कचरा जाऊ नये म्हणून.

"मी झाडून घेऊ काय?" त्यांनी विचारलं.

"झाडतं काय! निर्माल्य हाय ते! ताटात घे!"

कोकिळाबाईंनी सगळं निर्माल्य पितळेच्या ताटात गोळा करून पलंगाखाली ठेवलं. आतला पंखा मात्र पाकळ्यांच्या लगद्यात घट्ट फसलेला होता, आणि त्याला हात लावायची मनाई होती. राहता राहिली हवा. चंदननं हवा लागू द्या म्हटलं होतं. विदर्भातल्या माणसाला हवा म्हटली की काय आठवतं?

छपरीत प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलेला भलामोठा लोखंडी कूलर रूपरावांनी ओढायला घेतला! फरशीवरून तो असा किंचाळत आला की तीन घरं दचकली.

"अवो, डिसेंबर हाय! लोक सेटर घालून फिरून राह्यले!"

"माणसाले थंडी वाजते. मशिनीले काय वाजते?"

टाकीत दिवाळीआधीचं पाणी तळाशी उरलेलं होतं. ते उडू नये म्हणून रूपरावांनी आपलं पांढरं धोतर कॉम्प्युटरवर पसरलं, दार लावलं आणि बटण दाबलं. कूलरनं आधी गेल्या उन्हाळ्याची सगळी धूळ खोलीत सोडली. मग वाळ्याच्या काड्या आल्या. मग पाणी! व्होल्टेज पडलं, ट्यूब फडफडली, रूपरावांनी बटण बंद करायला हात घातला तर बटणच हातात आलं! कोकिळाबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या, "नऊ वर्षांनी डोळे परत आले माह्या बाईचे! आता काय दाखवू मी तिले? काय दाखवू व माय!"

नेमक्या याच घटकेला शेजारच्या देवकाबाई कसला गोंधळ चाललाय म्हणून खिडकीशी आल्या.

त्यांनी काय पाहिलं? भर डिसेंबरात फुल्ल चाललेला कूलर. पलंगावर पांढरं धोतर पसरलेलं. खाली ताटात फुलं, हळदकुंकू, अक्षता. आणि कोकिळाबाई 'माह्या बाई' म्हणून टाहो फोडतायत! सेलूची मोठी बहीण आज येणार, हे देवकाबाईंना ठाऊक होतं. बहिणीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण एवढं समजायला पाहायची काय गरज? येता येताच आटोपली बिचारी! लेक येईलोक थंड ठेवून राह्यले!

पंधरा मिनिटांत अंगणात वीस माणसं गोळा झाली. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी पाण्याची कॅन. देवकाबाईंनी आपल्या घरी चहा चढवला, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. चंदन आला. अंगणातली माणसं बघून त्यानं चपला काढल्या, स्क्रू ड्रायव्हरची पिशवी पाठीमागं धरली आणि मान खाली घालून भिंतीशी उभा राहिला. आत कूलरच्या घरघराटात रूपराव बटणाच्या भोकात पेन्सिल घालत होते. बाहेरचं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि फाटकाशी ऑटो थांबला. काळा चष्मा लावलेल्या, काठी टेकत एक बाई उतरल्या. अंगणातली गर्दी बघून त्या घाईनं आत आल्या. देवकाबाईंच्या शेजारी बसून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घाबरत विचारलं, "कोण गेलं व, बाई?"

"कोकिळाबाईची मोठी बहीण," देवकाबाई हुंदका देत म्हणाल्या. "सेलूची. लय चांगली होती म्हणतात. याईची पोरगी तिनंच वाढवली."

बाईंचा पदर तोंडावरून हळूहळू खाली आला.

"कवा गेली?"

"आजच. सकाळी."

"सकाळी तर म्या सेलूले चहा पेली!" मनकर्णाबाई कडाडल्या.

देवकाबाई खुर्चीसकट मागं सरकल्या. भिंतीशी उभ्या चंदनच्या हातून पिशवी पडली, आणि त्या खणखणाटानं अखेर दार उघडलं. दारात रूपराव उभे होते, डोक्यावर वाळ्याच्या काड्या, कपाळभर कुंकू, हातात कूलरचं बटण.

"या, मोठ्या बाई," ते म्हणाले. मग वीस माणसं पाहून, "हे सगळे काऊन जमले?"

पुढची दहा मिनिटं कोण काय बोललं हे सांगत बसत नाही. देवकाबाईंनी मनकर्णाबाईंचे पाय धरले. "अवं, मेल्यावर आपल्याले कोण चांगलं म्हणते हे कोणाले ऐकाले भेटते? मले भेटलं!" असं म्हणून मनकर्णाबाईंनी त्यांना उठवलं.

चंदननं मेन स्विच पाडून कूलर बंद केला. मग कॉम्प्युटर कोरडा केला, पंख्यातला लगदा काढला, फटी ब्रशनं साफ केल्या आणि पंख्याखाली गरमी ओढणारी नवी पेस्ट लावली. पंखा बोटानं फिरवला तर भिंगरीसारखा फिरला. "काका, पूजा करा, मी नाई म्हणत नाई," तो हात पुसत म्हणाला. "पण आता बाहेरून टिळा लावत जा. आतला देव गुदमरते."

नवरदेवाच्या घोड्यानं नऊ वर्षं हवेत धरलेला पाय खाली टेकवला! वरात वाजत आली, मंगलाष्टकं आपल्या जागी आली. रडायला आलेली वीस माणसं हातातला चहा घेऊन लग्न बघत बसली. मनकर्णाबाई पडद्यापासून वीतभर अंतरावर. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. ती त्यांनी हळदीलाच मोडली.

बिदाई आली. पोरगी गळ्यात पडत होती, मांडवाची झालर उडत होती, आणि कोपऱ्यात कूलरशेजारी रूपराव ओल्या तोंडानं उभे होते.

"पाणी उडालं होतं," रूपराव सवयीनं म्हणाले.

मनकर्णाबाईंनी नवे डोळे बारीक केले. "जवाईबापू, कूलरच्या जाळीले फीत बांधली हाय न? ते तर हालून नाई राह्यली. कूलर तर बंद हाय!"

सगळी खोली पुढं वाकली. खरंच! व्हिडिओ अडकत होता तेव्हा सगळंच थिजलेलं, कूलर चालू की बंद कोणाला कळणार? आता मांडवातलं पान न् पान हलत होतं, आणि फीत सुतासारखी सरळ लोंबत होती.

"लाइट गेली असन," रूपराव पुटपुटले.

"अन् मागची लाइटिंग काऊन चमकून राह्यली?" देवकाबाई म्हणाल्या.

हशा थांबेना! रूपराव खाली बघत राहिले. मग हसणं ओसरल्यावर, कोणीही विचारलेलं नसताना, म्हणाले, "तुमची आठवण आलती, मोठ्या बाई. पोरगी वाढवली तुमी, अन् बिदाई म्या एकट्यानं करून राह्यलो होतो. तुमचे उपकार लय हायेत. म्हणाचं राहून गेलं."

मनकर्णाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आता म्हटलं न? झालं मंग," त्या म्हणाल्या. "पोट्टीचं लगन पाह्यलं मी. मले अजून काय पायजे? पुन्हा लावा तेवढंच!"

पुन्हा लागलं. मग देवकाबाईंच्या जाऊबाई उशिरा आल्या म्हणून त्यांच्यासाठी लागलं. चौथ्यांदा रूपराव कूलरशेजारी रडू लागले तेव्हा खरे रूपराव उठले, फाटकापाशी चपला घालणाऱ्या चंदनला गाठलं, त्याचे दोन्ही हात हातात धरून मनापासून धन्यवाद दिले, आणि मागं कोणी नाही ना बघून हळूच विचारलं,

"चंदन, तेवढ्या एका जागेवर पहिलेसारखा अटकवता येईन काय गा?"