सूर्योदयाच्या आतलं आइस्क्रीम

पहाटे दाराची घंटा वाजली की माणसाच्या मनात आधी वाईटच येतं. कोणीतरी पडलं, कोणीतरी गेलं, नाहीतर गॅस गळतोय. बँकेने माझी चेन्नईला बदली केली, त्याच महिन्यात एकदा अशी घंटा वाजली. मी दार उघडलं, तर समोर शुभ्र वेष्टी नेसलेले, कपाळाला ताजं गंध लावलेले एक किडकिडीत गृहस्थ स्टीलची वाटी घेऊन उभे. वाटीत जांभळ्या रंगाचं काहीतरी होतं आणि त्यात चमचा रोवलेला होता.

"आइस्क्रीम," ते म्हणाले. "लवकर खा. सूर्य येऊलाला."

'येऊलाला' म्हणजे आपल्याकडचं 'येतोय', हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की बाहेर अंधार आहे, माझे दात घासायचे आहेत आणि हा माणूस मी चमचा तोंडात घातल्याशिवाय हलणार नाही. मी घातला. जांभळाचं आइस्क्रीम होतं, आणि सांगायला नको वाटतं, पण उत्तम होतं.

हे माझे समोरचे शेजारी व्यंकोबराव. तंजावरचे मराठी. यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला गेले ते तिथलेच झाले आणि मग पोटापाण्यासाठी चेन्नईला आले. घरात अजून मराठीच बोलतात, पण ती आपल्या पणजोबांच्या वेळची, तमिळच्या चालीवर. मी साताऱ्याची आहे म्हटल्यावर त्यांनी मला चक्क हात जोडले. "सातारा कसा आहे?" त्यांनी विचारलं. मागच्याच आठवड्यात गाव सोडून आल्यासारखी त्यांची चौकशी होती. ते स्वतः साताऱ्याला कधीही गेलेले नाहीत. तेव्हापासून मी त्यांची 'सातारकरीण' झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

व्यंकोबरावांनी सगळी नोकरी चेन्नईतल्याच गिंडी भागातल्या एका कारखान्यात काढली. यंत्राचे सुटे भाग मापून पास-नापास करायचं काम. निवृत्त झाले, पण मापायची खोड गेली नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टी त्यांच्या लेखी दोनच प्रकारच्या, टॉलरन्सच्या, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या, आत आणि टॉलरन्सच्या बाहेर. रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं, शेजारच्या इमारतीतल्या मुलीचं गाणं, सरकार, सगळं या एका मापाने निघतं. एकदा मी त्यांना पोळ्या नेऊन दिल्या. त्यांनी एक पोळी दिव्यासमोर धरली, कड चिमटीत पकडली आणि म्हणाले, "कडेस जाड आहे. पण टॉलरन्सच्या आंत." माझ्या आईनेसुद्धा माझ्या पोळीला एवढं चांगलं कधी म्हटलेलं नाही.

आता असा काटेकोर माणूस पहाटे आइस्क्रीम का वाटत फिरतो, हे सांगायला हवं. त्याचं कारण अक्का.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. शाळेत भूगोल शिकवत होत्या. नवरा फार लवकर गेला, तेव्हा माहेरी परत आल्या. पुढे आई गेली आणि या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. व्यंकोबरावांनी लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अक्कास पसंत पडणारी टॉलरन्सच्या आंत एकही नव्हती." अक्का आतून म्हणाल्या, "खोटें बोलूं नको. तुज कोणी दिली नाहीं."

या अक्कांना साखरेचा आजार आहे आणि आइस्क्रीमचं वेड आहे. दोन्ही जुनं. रोज संध्याकाळी त्या देवळात जायच्या आणि परत येताना त्यांची जीभ हिरवी असायची. प्रसाद, म्हणायच्या. पिस्त्याचा प्रसाद देणारा देव कोणता, ते शोधायला एक दिवस व्यंकोबराव मागोमाग गेले आणि त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात अक्का सापडल्या, मोठा कप घेऊन, पंख्याखालची जागा धरून. त्यांनी दुकानदाराला बजावलं. अक्कांनी देऊळ बदललं. रिक्षा करून एग्मोरपर्यंत जाऊ लागल्या. पुढे त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लागलं आणि जखम काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. त्या दिवशी व्यंकोबराव घरी येऊन जेवले नाहीत. आणि त्याच आठवड्यात त्यांनी मशीन मागवलं.

ओट्यावर ठेवायचं, मिक्सरपेक्षा थोडं उंच, काळं यंत्र. त्याची तऱ्हा अशी, की मिश्रण आधी त्याच्याच डब्यात भरून जवळजवळ दिवसभर दगडासारखं गोठवायचं, मग डबा यंत्रात अडकवायचा. आतलं पातं फिरत फिरत खाली जातं, तो दगड किसून काढतं आणि लोण्यासारखं आइस्क्रीम होतं. साखर नको, क्रीम नको. नारळाचं दूध, फळं, काजू, जे घालाल ते. व्यंकोबराव खूश. अक्कांनी नुसतं विचारलं, "हें केलें कधी?"

"काल सकाळी भरलें, आज केलें."

"म्हणजे शिळें."

झालं. अक्का जन्मात शिळं खाल्लेल्या नाहीत. आदल्या दिवशीचं अन्न, सूर्य उगवला की त्यांच्या दृष्टीने संपलं. भात असो, आमटी असो, तापवलेलं नारळाचं दूध असो. आणि हे यंत्र असं, की त्यातून बाहेर येणारा प्रत्येक पदार्थ आदल्या दिवशीचाच. व्यंकोबरावांनी परोपरीने समजावलं. फ्रीझरमध्ये अन्नाचं वय वाढत नाही म्हणाले. अक्का म्हणाल्या, "माझें वाढतें."

"मग दुकानांतलें खातेस तें?"

"तें कधीं केलें मज ठाऊक नाहीं. ठाऊक नाहीं तें ताजें."

चाळीस वर्षं वर्गावर उभ्या राहिलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो. व्यंकोबरावांनी घातला नाही. ते पंचांग घेऊन बसले. दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो, बरोबर? मग सूर्य उगवताच मिश्रण करून डबा फ्रीझरमध्ये टाकायचा आणि दुसरा सूर्य उगवायच्या आत आइस्क्रीम करून खाऊन टाकायचं. शास्त्राप्रमाणे त्याच दिवसाचं. ताजं. अक्कांनी हे गणित दोनदा तपासलं, त्यात चूक सापडली नाही, आणि तहाची कलमं सांगितली.

"सेरी, चालेल. तूं रोज दिलेंस, मी दुकानाची पायरी चढत नाहीं. पण एक दिवस जरी चुकलास, मी मोकळी."

तेव्हापासून त्या घरात पहाटे आइस्क्रीम खातात. अक्कांना अर्धी वाटीच चालते, डबा मात्र मोठा, आणि उरलेलं सूर्योदयापलीकडे ठेवायचं नाही. म्हणून माझी घंटा. मला झोप प्रिय आहे. खरं तर तेवढा एकच छंद मला आहे. पण त्या अंगठ्याची गोष्ट ऐकल्यावर मी तक्रार करायची बंद केली. यंत्र सुरू झालं की भिंतीपलीकडून कोणीतरी डांबरी रस्ता खणत असल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजाला मी उठते, चूळ भरते आणि वाटीची वाट पाहते.

सगळंच जांभळाइतकं जमत नसे. पेरू आणि मिरीचं मी आपणहून पुन्हा मागितलं. नाचणीचं सोसलं. शेवग्याच्या पाल्याचं मात्र खाताना पावसाळ्यात भिंत चाटल्यासारखं वाटलं. आणि एकदा या माणसाने नारळाच्या दुधात चिंच घातली. तंजावरच्या मराठी घरात चिंचेशिवाय पदार्थ पुरा होत नाही, हा संस्कार. हात आपोआप बरणीकडे गेला. दूध फाटलं, डब्यात गोळे आणि पाणी वेगळं गोठलं आणि पात्याने असा काही आवाज काढला की खालचा वॉचमन वर आला. अक्कांनी ती वाटीही संपवली. "खाववतें," म्हणाल्या. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही आणि याहून कमीही नाही. अंगठा हळूहळू भरत आला. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? व्यंकोबराव म्हणाले, "पहाटे उठतों."

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना, गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मला जाग आली ती तोंडावर ऊन आलं म्हणून. घंटा वाजली नव्हती. रस्ता खणला गेला नव्हता. आधी मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. अंघोळ झाली, साडी नेसून झाली, बँकेचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं, तेव्हा कुठे तहाचं ते कलम आठवलं. मी समोरचं दार वाजवायला गेले, तर ते नुसतंच लोटलेलं होतं.

आत काळोख. सगळे पडदे ओढलेले. गॅलरीच्या काचेच्या दारावर जाड चादर टांगलेली, खाली उजेडाची फट राहू नये म्हणून घडी केलेलं सतरंजीचं कापड. भिंतीवरचं घड्याळ जागेवर नव्हतं. अक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"रात्रीं फणफणला," त्या कुजबुजल्या. "गोळी दिली. पहाटेस डोळा लागला. त्याचा फोन तांदळाच्या डब्यांत घातला आहे. ओरडलाच नाहीं."

मी म्हटलं, "अक्का, आता नऊ वाजतील. चुकला की त्यांचा दिवस. तुम्ही मोकळ्या झालात." मला खरंच वाटलं, आता त्या चपला घालून निघतील.

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच नकाशात नदी चुकीच्या बाजूला दाखवली असं मला वाटलं. "काल अंगांत कणकण असतां उभा राहून पेरू सोललेत त्याने," त्या म्हणाल्या. "उठून ऊन पाहील, तर पुन्हां तापेल."

तेवढ्यात आतल्या खोलीत पलंग करकरला. "अक्का! वेळ काय झाली?"

"पांच नाहीं वाजले. पड सावकाश."

खाली शाळेच्या गाडीने हॉर्न दिला. भाजीवाली 'कीरै, कीरै' करत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"वरचे लोक आज लवकर उठले," अक्का म्हणाल्या.

व्यंकोबराव शाल गुंडाळून दारात आले. ते काही वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. इस्त्रीची साडी, पावडर, गळ्यात ओळखपत्र.

"सातारकरीण, इतक्या पहाटेस?"

"ऑडिट आहे," मी म्हटलं.

"बरें," ते म्हणाले, आणि भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेले. मी मदतीला मागोमाग गेले. तिथली ओट्यावरची छोटी खिडकी अक्कांच्या लक्षात राहिली नव्हती, किंवा हात पुरला नव्हता. यंत्रावर लख्ख ऊन पडलं होतं. व्यंकोबरावांनी त्या उन्हातच डबा काढला, त्याच्या मापाच्या रेषेवर डोळा लावून पाहिला, अडकवला आणि बटण दाबलं. मी वाटी पुढे केली.

त्यांनी वाटी भरून बाहेर नेऊन दिली. अक्कांनी त्या अंधारात बसून, एकेक चमचा करत, पेरूचं आइस्क्रीम खाल्लं. वाटीच्या कडेला लागलेलंही निपटून घेतलं. "खाववतें," म्हणाल्या.

व्यंकोबराव परत आत आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. डोळे भरलेले होते. तापाने म्हणायला जागा होती, पण तापाने नव्हते.

"अक्काने जन्मांत शिळें खाल्लें नाहीं," ते हळू आवाजात म्हणाले. "आईच्या तेराव्यालाही नाहीं. उपाशी राहिली, पण नाहीं."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अक्का वाटी ठेवायला आत येत होत्या. व्यंकोबरावांनी झटकन खांद्यावरची शाल काढली, टाचा उंचावल्या आणि त्या छोट्या खिडकीवर घट्ट पसरून धरली.