खुर्ची बरोबर मधोमध

चौदा किलो. एकोणीस किलो. सत्तावीस किलो.

जमिनीवर खडूने आखलेला चौकोन, त्यात खुर्चीचे चार पाय.

शेजारच्या दंतवैद्याची कंबर.

उत्तर द्यायची मुदत: सोमवार.

"अ‍ॅम्प्लिफायर निवडणं म्हणजे काय मोठंसं! जन्मभर मोजणी केलीय मी!"

हे शेवटचं वाक्य मोजणीदारांचं. तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून ते निवृत्त झाले आणि मग घरात हद्दी आखू लागले. हॉलमध्ये त्यांनी छातीएवढे उंच, भारी स्पीकर आणले. इतके रुबाबदार, की पाहुणे बिचकून त्यांनाच आधी वाट करून देत. फक्त ते वाजत नव्हते. त्यांना पेलेल असा भरवशाचा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता.

आणि तो याच आठवड्यात हवा होता, कारण चिऊ.

चिऊ म्हणजे मोजणीदारांची मुलगी. नाव चिऊ, अंगकाठीही चिऊचीच, आणि वाजवते काय, तर डबल बास! व्हायोलिनचा खापरपणजोबाच म्हणा ना. तो घेऊन ती जिना चढू लागली की खालच्याला वाटावं, कपाट आपल्या पायांनी वर चाललंय. तिच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली होती. सोबत पत्र होतं: कायमची जागा देतो, सोमवारपर्यंत कळवा. इकडे विमा कचेरीतली नोकरीही हात जोडून उभी!

"मागे उभं राहून नुसतं घुमत राहायचं," चिऊ म्हणाली. "कुणाला ऐकू तरी येतं का बाबा?"

"आपल्या स्पीकरवर ऐक, मग ठरव!"

दुकानदार सभ्य माणूस. "घरी नेऊन ऐका, नाही पटला तर परत आणा," असं तो म्हणाला. हे वाक्य त्याने पुढे कुठल्याही गिऱ्हाइकासमोर उच्चारलं नाही.

मोजणीदारांनी टेप काढली, ओळंबा सोडला, खडू घेतला. डाव्या स्पीकरपासून खुर्ची दोनशे चाळीस सेंटिमीटर. उजव्यापासून दोनशे चाळीस. केसाचाही फरक नाही! तारा स्वतः जोडल्या. मग चिऊच्या आईसकट सगळ्यांना फर्मान निघालं: "ऐकायचं ते या खुर्चीत बसून. बाकी सगळी खोली हद्दीबाहेर!"

गुरुवारी आला पहिला अ‍ॅम्प, चौदा किलो. व्हायोलिनं अशी गोड, जणू कानात कुणी मोरपीस फिरवतंय. बासरी स्वच्छ. आणि चिऊ?

चिऊचा पत्ताच नाही!

"चिऊ, तू रेकॉर्डिंगच्या दिवशी गेली होतीस ना गं?"

"म्हणजे काय बाबा! अख्खी दुसरी बाजू मी पेललीय!"

ती स्वतः खुर्चीत बसली. ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"अ‍ॅम्पमध्ये दमच नाही!" मोजणीदार गरजले आणि एकोणीस किलोचा घेऊन आले. बासरी आणखी स्वच्छ. चिऊ नाही. मग सत्तावीस किलोचा! तो वर चढवताना शेजारच्या दंतवैद्याने एक बाजू धरली आणि वर पोचल्यावर कंबर धरली.

"काही नाही हो," तो कण्हला, "मी दिवसभर वाकूनच असतो. आता फक्त सरळ होता येत नाहीये."

त्याच अवस्थेत त्याला खुर्चीत बसवलं. त्याने ऐकलं. "फारच छान! पण ते मोठ्ठं वाद्य कधी सुरू होणार?"

झालं! चिऊ उठून खोलीत गेली. दारातून एवढंच म्हणाली, "बाबा, उगाच अ‍ॅम्पला बोल लावू नका. मी नसले तरी सगळं छान चालतंय. मी नकार लिहितेय."

मोजणीदारांनी तडक दुकानदाराला फोन लावला.

"तुमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा अ‍ॅम्प आणा! आत्ताच्या आत्ता!"

"साहेब, तिन्ही भरवशाचेच होते."

"मग माझी मुलगी कुठं गेली?"

"साहेब... पोलिसांत कळवलंत का?"

रविवारी सकाळी दुकानदार स्वतः हजर! सोबत दोन हमाल आणि अडतीस किलो. जिन्याने त्याचा श्वास संपवला होता. खुर्ची मोजणीदारांसाठी राखीव, म्हणून तो दाराजवळच्या चपलांच्या मांडणीवरच टेकला. मोजणीदारांनी तबकडी लावली आणि खुर्चीत डोळे मिटले. बासरी. व्हायोलिनं. बस्स.

"वा! काय घुमतंय हो!" मांडणीवरून दुकानदार ओरडला. "तळपायापर्यंत येतंय!"

"काय येतंय?"

"तो खालचा सूर! डबल बास ना?"

"माझी समजूत काढू नका!"

"अहो, इथे येऊन तर बघा!"

"मी मोजून बसलोय!"

शेवटी हद्द ओलांडली बुवा! दोघं मांडणीवर दाटीवाटीने बसले, मांडणी करकरली आणि त्या करकरीच्याही खालून, हळूच, घूं... चिऊ!

दुकानदार टॉर्च घेऊन स्पीकरमागे रांगत गेला. तिथून आधी हसू ऐकू आलं, मग माणूस बाहेर आला.

"साहेब, उजव्याच्या तारा उलट्या जोडल्यात. डाव्याचा पडदा पुढे येतो तेव्हा उजव्याचा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आणि खोलीत सगळ्यात जास्त कुठे खातात, माहितेय? बरोबर मधोमध. खुर्ची एका बाजूला ठेवली असतीत, तरी ऐकू आलं असतं. पण तुमची मोजणी..."

"केसाचाही फरक नाही," मोजणीदार पुटपुटले.

तारा बदलल्या. चिऊला हाताला धरून आणलं, बसवलं. सूर जमिनीतूनच उगवल्यासारखा वर आला आणि त्यावर व्हायोलिनं, बासऱ्या, सगळी मंडळी निवांत उभी राहिली. खुर्चीच्या हातावर चिऊची बोटं आपोआप चालू लागली.

"ही मी?"

"नाही, डॉक्टरकाकांची कंबर!"

"बाबा, सगळे माझ्याच जिवावर उभे आहेत हो!" ती हसली, डोळे पुसले आणि नकाराचं पत्र खोडायला गेली. इतकं खोडावं लागलं, की होकार नव्या कागदावर लिहिला.

"बरं, या सगळ्यांत भरवशाचा कुठला?" मोजणीदारांनी खालच्या आवाजात विचारलं.

"पहिला. चौदा किलोवाला. फक्त तारा मी जोडून देतो."

त्या गुरुवारी, तारा उलट्याच असताना, पहिला अ‍ॅम्प सुरू झाला होता तेव्हा चिऊची आई स्वयंपाकघरात भाजी चिरताना तिथे घुमणाऱ्या डबल बासवर सुरीने ताल धरत होती; पण हॉलमधून "आवाज नको!" अशी आरोळी आली, म्हणून तिने सुरी खाली ठेवली.