दस्त्याची तकाकी

कोषागाराच्या पहाऱ्यावरील बंदुका सुस्थितीत असाव्यात, याबद्दल खात्यात कधीच दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की सुस्थिती ओळखायची कशी? नळीत डोकवायचे तर एक डोळा मिटावा लागतो, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने डोळा मिटणे बरे दिसत नाही. चाप ओढावा तर आवाज होतो. राहता राहिला लाकडी दस्ता. तो बसल्या जागेवरून, चहा पिता पिता तपासता येतो. सबब, ज्याच्या बंदुकीचा दस्ता सर्वात तकतकीत, त्याच्या बदलीच्या अर्जाचा अग्रक्रमाने विचार व्हावा, असा आदेश निघाला.

आदेश ऐकून एका पहारेकऱ्याचा जीव वरखाली झाला. त्याला सगळे लंबू म्हणत. त्याची बायको मुख्यालयाच्या गावी शाळेत शिकवीत असे, मुलगी तिच्यापाशी, आणि हा इकडे. मुलीचे दुधाचे दात पडल्याच्या बातम्या त्याने फोनवरच ऐकल्या होत्या. त्याला घरी जायचे होते. दुसरे काही नको होते.

बंदुकीची अवस्था मात्र बिकट होती. आधीच्या प्रत्येक पहारेकऱ्याने तपासणीच्या आदल्या दिवशी जुन्या पॉलिशवर नवे पॉलिश थापले होते. एकाने तर बुटांचे पॉलिश लावून भेग बुजवली होती. लंबूने ते सारे पापुद्रे खरवडून काढले. पोचा आला होता तिथे ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, तसे वाफेने दबलेले लाकूड फुगून वर आले. इस्त्री सगळ्यांची मिळून एकच असल्याने त्या आठवड्यात अख्खी तुकडी चुरगळलेल्या गणवेशात पहारा देत होती. मग पॉलिश पेपर, आणि मग जवसाचे तेल: थेंब दोन थेंब घ्यायचे, लाकूड कोमट होईपर्यंत तळहाताने चोळायचे, वाळू द्यायचे, पुन्हा चोळायचे.

"अहो, हाताला घट्टे पडले असतील," बायको फोनवर म्हणाली.

"पडू देत. तू खोली बघून ठेव. दोघींची खोली तिघांना पुरायची नाही."

"पुरेल हो. तुम्ही या तर आधी."

तपासणीच्या दिवशी दस्ता असा झळकत होता, की तुकडीच्या साहेबांनी त्यात बघून मिशी सारखी केली. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा ठसा कोणाचा?"

"माझाच साहेब. आत्ता सलामी दिली ना."

"म्हणजे बंदूक हातात धरलीस?"

"होय साहेब. पहाऱ्यावर होतो."

"पहारा मी समजू शकतो. पण हात?"

लंबूने धीर केला. "साहेब, हे तेल हातानंच चढतं. हात फिरत राहिला, तर लाकूड आणखी खुलतं."

"तो झाला निर्मितीचा टप्पा," साहेब शांतपणे म्हणाले. "आता आपण जतनाच्या टप्प्यात आहोत."

जतनासाठी सर्वांना सुती हातमोजे मिळाले. पहिल्याच सलामीला एकाची बंदूक हातमोज्यातून सटकली आणि साहेबांच्या अंगठ्यावर पडली. रीतसर चौकशी झाली. दस्त्यावरील चऱ्याची लांबी, रुंदी आणि खोली नोंदवण्यात आली. अंगठ्याचा उल्लेख अहवालात नाही. निष्कर्ष असा निघाला, की बंदुका उचलल्यामुळे पडतात. त्या काचेच्या कपाटात गेल्या आणि किल्ली साहेबांच्या खिशात. एवढी मौल्यवान चीज उघड्यावर कशी ठेवायची, म्हणून फाटकावरचा पहारा उठवून कपाटापाशी लावला. फाटकावर पाटी लागली: 'येथे सशस्त्र पहारा आहे.'

भर दुपारी एक चोर आला. पाटी वाचून आधी दचकला, मग कोणी दिसेना म्हणून आत शिरला. भिंतीवरचे घड्याळ त्याने काढले, टंकलेखनाचे यंत्र काखोटीला मारले आणि जाता जाता कपाटाशी थबकला.

"थांब!" काठी उगारून लंबू ओरडला.

"बंदूक कुठाय?"

"कपाटात."

"किल्ली?"

"साहेबांकडं. साहेब जेवायला गेलेत."

चोराने काचेतून आत पाहिले. "काय सुरेख केलंय हो," तो मनापासून म्हणाला आणि गेला. लंबूला कपाट सोडून जाण्याची परवानगी नव्हती.

चौकशी समितीने समाधान व्यक्त केले. इतक्या गंभीर प्रसंगातही शस्त्रांना ओरखडादेखील आला नव्हता. साहेबांना शाबासकी मिळाली, आणि लंबूचा दस्ता पहिला ठरला.

"मंजूर झाली," साहेबांनी त्याला बोलावून सांगितले. "मुख्यालयाला."

लंबूने खाडकन सलाम ठोकला. "कधी निघू साहेब?"

"तू कुठं निघतोस? बंदूक जाणार. मुख्यालयाच्या दर्शनी दालनात ठेवायची म्हणतात. कापसात नीट गुंडाळून दे."

"पण साहेब, बदली माझी..."

"अरे, तुझ्या अर्जाचा अग्रक्रमानं विचार केला. म्हणून तर अग्रक्रमानं नाकारला. तू गेलास, तर बाकीच्या दस्त्यांना तेल कोण लावणार? इतकं चांगलं काम करायचं नव्हतंस."

लंबूने बंदूक गुंडाळली. कापसाच्या आत घालण्याआधी त्याने दस्त्यावरून एकदा तळहात फिरवला. नियमभंगच तो, पण कोणी पाहिले नाही.

त्या रविवारी बायको मुलीला घेऊन मुख्यालयात गेली. संध्याकाळी फोन आला.

"बाबा, तुमची बंदूक बघितली! मी काचेला हात लावला, तर तिथले काका ओरडले."

"मग गं?"

"मग आईनं पदरानं काच पुसून दिली. बाबा, तुम्ही पण त्या काचेत उभे राहा ना. मी हात नाही लावणार. लांबून बघेन."



वाचकहो, साहेबांचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. फक्त त्या रागाच्या भरात सोफ्यावर जोरात मागे रेलू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जपून ठेवलेले त्याचे प्लास्टिकचे आवरण आवाज करते, आणि तुमचे धाकटे कधीपासून शेजारी उभे राहून विचारते आहे, की आतला सोफा खरा कुठल्या रंगाचा आहे, आणि मी त्यावर बसू का?