महाभारत आमच्या कपाटात

विश्राम परब अंधेरीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. जगातला सगळ्यात भव्य सिनेमा त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर लिहायला घेतला, कारण त्याच्या घरात महाभारताला बंदी होती.

बंदी त्याच्या बायकोची, शालूवहिनींची. "ती पुस्तकां घरात नको. झगडे लागतत," त्या म्हणायच्या. खरं तर नवराबायकोचं भांडण पुस्तकांवाचूनही रोज चालायचं; तळमजल्यावरून "हळू बोला" अशी हाक यायची. पण बायकोचा शब्द विश्रामने मोडला नाही. सगळे जाडजूड खंड त्याने माझ्या कपाटात आणून कोंबले. माझे कपडे तेव्हापासून खुर्चीवर.

ऑफिसातून दमून यावं तर हा आधीच हजर. एका स्टुडिओतल्या निर्मात्याने त्याला "लिहा, बघू" एवढंच म्हटलं होतं. तेवढ्यावर याने कुरुक्षेत्रासाठी पवईचा डोंगर नक्की केला आणि खरे हत्ती धरले. मी म्हटलं, हत्ती थोडे कमी कर.

"भव्य पाहिजे रे, भव्य."

गांधारी जेवण कशी वाढत असेल ते बघायला त्याने एकदा माझ्या बायकोला डोळ्यांवर टॉवेल बांधायला लावला. आमटी माझ्या मांडीवर आली. हळूहळू त्या खंडांपायी आमच्याच घरात खटके उडू लागले. शालूवहिनींचं काही खोटं नव्हतं.

मग त्या अचानक गेल्या. तेराव्यानंतर विश्राम आला आणि एकेक खंड वर घेऊन गेला. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

एका रविवारी मी वर गेलो. पलंगावर, ओट्यावर, देवघरापाशी, जिकडेतिकडे खंड उघडे पडलेले. सिनेमाचं काय झालं, विचारलं. निर्मात्याने म्हणे मारधाडीचा सिनेमा धरला, व्हिडिओवर तेच चालतं. हे सांगताना तो वैतागलासुद्धा नाही.

"सगळे घरात आणून ठेवलेत रे," तो म्हणाला. "तरी कोणी भांडत नाही."

मला भरून आलं. मी म्हटलं, "तुझी गांधारी भिकार होती. आणि त्या हत्तींनी सगळी वाट लावली."

तो ताडकन उठला. "तुला भव्य म्हणजे काय ते कळतं का रे?"

मीही आवाज चढवला. त्या जुन्या आमटीपर्यंत गेलो. तेवढ्यात तळमजल्यावरून "हळू बोला" आलं. विश्रामने ओट्यावरचा खंड बाजूला करून चहाचं आधण ठेवलं.