जास्तीचा ग्लास

हॉटेलात जाऊन, खुर्चीत बसून, वेटरनं पाणी आणून ठेवलं की उठून चालू पडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, उपाशीपोटी त्याच्या मागोमाग चाललोही आहे.

त्यांचं नाव दामले. पाटबंधारे खात्याच्या आमच्या कचेरीत ते, मी आणि तांबोळी असे तिघं एकाच लांबलचक टेबलावर धरणांचे नकाशे काढत असू. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. त्या दिवशी डबा आणायचा नाही, दुपारी बाहेर कुठंतरी खायचं, हा आमचा शिरस्ता.

कुठं जायचं असं विचारलं की दामले म्हणत, "कुठंही चालेल हो. दोन घास खायचेत, मंगल कार्यालय थोडंच ठरवायचंय?" इतका सोयीचा माणूस शोधून सापडायचा नाही, असं ऐकणाऱ्याला वाटे. मग आम्ही टिळक रस्त्यावरच्या पहिल्या हॉटेलात शिरत असू. वेटर एका हातात तीन ग्लास धरून, पाचही बोटं पाण्यात बुडवून येई आणि ते टेबलावर आपटून निघून जाई. दामले ग्लासांकडे बघत, पिशवी उचलत आणि म्हणत, "इथं नको."

पुढच्या हॉटेलात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. एका मालकानं तर गल्ल्यावरून शांतपणे विचारलं होतं, "पाण्यात मीठ कमी होतं का?" दामल्यांनी तितक्याच शांतपणे "नाही, पाणी उत्तम होतं" असं सांगितलं आणि ते पायऱ्या उतरले.

तांबोळींची खात्री होती की सगळा घोळ त्या बुडवलेल्या बोटांचा आहे. तांबोळींचं घराणं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे हॉटेलवाल्यांना खडसावायचा हक्क त्यांना जन्मसिद्ध वाटे. एकदा त्यांनी वेटरला हात धुवायला लावले, जग मागवला आणि देखरेखीखाली तीन ग्लास भरून घेतले. दामल्यांनी ग्लास बघितले, तांबोळींचे मनापासून आभार मानले आणि पिशवी उचलली.

उलगडा झाला तो स्वारगेटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका उडप्याच्या हॉटेलात. आम्ही तिघं बसलो आणि वेटरनं चार ग्लास ठेवले. दामल्यांचा चेहरा खुलला. "बसा," ते म्हणाले, "इथं बरं आहे." मग त्यांनी चौथा ग्लास भिंतीकडच्या रिकाम्या जागेसमोर सरकवला आणि तिथली खुर्ची जराशी मागं ओढून ठेवली, कुणाला बसायला सोपं जावं अशी.

तांबोळींना अव्यवस्था खपत नसे. त्यांनी वेटरला हाक मारून सांगितलं की आम्ही तिघंच आहोत, एक ग्लास उचल.

वेटरनं आमच्या मागं बघितलं. "आणि बाई? हात धुवायला गेल्यात ना?"

आम्ही वळून पाहिलं. कोपऱ्यात बेसिन होतं, खिळ्याला टॉवेल होता. माणूस नव्हतं. त्या वेळी साऱ्या हॉटेलात एकही बाई नव्हती. भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दामले मेनूकार्ड वाचत होते.

परतताना त्यांनी आपण होऊनच सांगितलं. त्यांची पत्नी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत शिकवत असे. शनिवारी दोघं बाहेर खात, पण तिची शाळा कधी सुटेल याचा भरवसा नसे. म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं, तुम्ही जागा मिळेल तिथं बसा, मी शोधते. दामले कुठल्याही हॉटेलात शिरत आणि ती रस्त्यावरच्या एकेका हॉटेलात डोकावत येई. हॉटेल ठरवायचं नाही, हाच त्यांचा खेळ. ती शोधून काढायचीच. मग काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली.

"तेरावं झालं, त्यानंतरच्या शनिवारी घरी चूल पेटवावीशी वाटेना," दामले म्हणाले. "हॉटेलात गेलो. वेटरनं दोन ग्लास ठेवले. मी म्हटलं, एकटाच आहे. तर म्हणतो, बाई मागून येतायत ना? तेव्हापासून ती जिथं आलेली नसते, तिथं मी बसत नाही. पुढच्या हॉटेलात शोधत असेल, हो."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. वेटर लोक मोजायला चुकतात, असं मी त्यांना सांगितलं.

"चुकत असतीलही," दामले म्हणाले. "मी कशाला दुरुस्त करू?"

तांबोळींनी वाद घातला नाही. मात्र त्यानंतर ते भिंतीकडच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. आणि हॉटेलच्या दारात क्षणभर बाजूला होऊन थांबू लागले, बायकामाणसांना आधी आत जाऊ द्यावं तसे.

अशी बरीच वर्षं गेली. दामले निवृत्त झाले आणि नागपूरच्या मुलीनं त्यांना तिकडं न्यायचं ठरवलं. मुलगी चांगली, जावई चांगला, नाही म्हणायला कारण नव्हतं. पण दामले सुकत चालले. मी समजूत घातली की नागपूरलाही हॉटेलं आहेत.

"आहेत हो," ते म्हणाले. "पण तिला नागपूर माहीत नाही. मी जाणार, हे तिला ठाऊकच नाही. ती इथंच डोकावत राहील."

मी म्हटलं, मग सांगा की त्यांना.

"सांगू कसं? समोर कुठं येते? नेहमी हात धुवायला गेलेली असते."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तिघं टिळक रस्ता चाललो, लक्ष्मी रस्ता चाललो, पार स्वारगेटपर्यंत गेलो. त्या उडप्याकडेही बसलो. सगळीकडं तीन ग्लास. तीनच. दामले दर वेळी "इथं नको" म्हणत आणि दर वेळी आवाज थोडा खाली जाई. शेवटी ते म्हणाले, "आज शाळेत अडकली असेल." जेवण झालंच नाही. दुसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले, तिला न सांगता.

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी तांबोळी रजेवर होते. मी एकटाच त्या उडप्याकडे गेलो. वेटर नवा होता, मला ओळखत नव्हता. त्यानं दोन ग्लास ठेवले.

मला मागं वळून बघायचा धीर झाला नाही. मी उठलो, समोरची खुर्ची जराशी मागं ओढली, परत बसलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "वहिनी, दामले नागपूरला गेले. मुलीकडे. धंतोलीत असतात. शनिवारी बाहेर जेवतात की नाही, ते मला माहीत नाही. पण तुम्ही जा."

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपली बशी थोडी लांब सरकवली. मी डोसा खाल्ला, कसा ते आठवत नाही. उठलो तेव्हा समोरचा ग्लास अर्धा झालेला होता. पंख्याच्या वाऱ्यानं पाणी उडतं. इतकं उडत असेल, नसेल. हा प्रकार मी कुणाला सांगितला नाही, तांबोळींनासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात कचेरीत नागपूरहून फोन आला. दामल्यांचा आवाज ठणठणीत होता. तिकडचं ऊन, नातवाचा खोकला, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "शनिवारी इथं एक हॉटेल मिळालं. बरं आहे."

मी नुसतं "हो का" म्हटलं.

"पत्ता दिलात, बरं केलंत," दामले म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अजूनही मी कधीमधी शनिवारी एकटा त्या हॉटेलात जातो. वेटर पाणी घेऊन आला की आधी ग्लासांकडे बघतो. एकच असतो. बरं वाटतं, आणि थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटतं.