आखाड्यावरची आजी

देविदासनं टीव्ही सोडला, ही बातमी गावात त्यानं स्वतःच फिरवली. पारावर, दूध डेअरीवर, जिथं चार माणसं दिसतील तिथं तो थांबायचा आणि बोलणं कशाचंही चालू असो, टीव्हीवर आणून सोडायचा. तंबाखू सोडणारे पाहिलेत, दारू सोडून माळ घालणारेही पाहिलेत. पण उभ्या लोहा तालुक्यात टीव्ही सोडलेला माणूस आपणच पहिला, असं तो छाती काढून सांगायचा. लोक कौतुकानं माना डोलवायचे, कारण त्याचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी खाटेवर बसला की एक मालिका संपेस्तोवर उठायचा नाही, आणि ती संपली की दुसरीसाठी बसून राहायचा. कारस्थानी सून पडद्यावर आली की हातातला घास हातातच ठेवून तिचा उद्धार करायचा. टीव्ही त्यानं जन्मात कधी स्वतःच्या हातानं बंद केला नव्हता. वीज जायची, तेव्हाच तो बंद व्हायचा. एवढं ध्यानात असू द्या, पुढं कामाला येईल.

सोडायला कारण झाली ऋतुजा, त्याची एकुलती एक लेक. नीटच्या परीक्षेत तिचे मार्क थोडक्यात कमी पडले होते, म्हणून यंदा ती घरी बसून, लातूरच्या एका क्लासची लेक्चरं मोबाईलवर बघत पुन्हा अभ्यास करत होती. दिवाळीत तिनं शांतपणे सांगून टाकलं, की भिंतीपलीकडं सासवा-सुना भांडत असल्या की माझं डोकं चालत नाही, मी लातूरला होस्टेलवर राहते. दारातून आत आल्यावर "बाबा, पाणी देऊ का?" असं विचारणारं हे एवढंच लेकरू. ते गेलं तर घर खायला उठेल, याची देविदासला आतून भीती वाटली.

त्यानं तिथल्या तिथं भिंतीवरच्या आईच्या फोटोला हात लावला. त्याची माय साखराबाई जाऊन वर्ष झालं होतं.

"मायची आण. तुझी परीक्षा होईस्तोवर मी टीव्ही बघणार न्हाई. बघितला, तर तू खुशाल लातूरला जा."

दुसऱ्या दिवशी त्यानं टीव्ही पोत्यात गुंडाळला आणि हदगावच्या पाहुण्याला देऊन टाकतो म्हणून घराबाहेर काढला. तो गेला मात्र थेट शेतात, आखाड्यावर. आखाडा म्हणजे त्याची रानातली पत्र्याची खोली. खतं, अवजारं आणि मोटारीचा बोर्ड ठेवायची. आण घरापुरती होती, रानात ती लागू होत नाही, हे त्यानं वाटेतच ठरवून टाकलं होतं.

शेतीची वीज पाळीनं येते. म्हणून बोर्डावर ऑटो बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला पळत यावं लागत नाही. देविदासनं टीव्हीची वायर त्याच बोर्डातून घेतली आणि डिशची छत्री कडब्याच्या गंजीआड लपवली. दुपारी वीज आली की मोटार गुरगुरायची, टीव्ही आपोआप उजळायचा आणि देविदास खताच्या पोत्यावर मांडी घालून बसायचा. वीज गेली की कुलूप लावून, रिमोट खिशात घालून घरी. हरभरा जास्तीच्या पाण्यानं उबळून पिवळा पडला, पण कारस्थानी सुनेचा एकही डाव त्याच्या नजरेतून सुटला नाही. घरी लेक म्हणायची, बाबा किती कष्ट करून राहिलेत. तेव्हा मात्र त्याला जेवण गोड लागायचं नाही.

मग पाळी बदलली आणि वीज सकाळी यायला लागली. सकाळी रानात कापूस वेचणाऱ्या बाया असायच्या, त्यांच्यादेखत बघणार कसा? मन मारून तो घरीच राहिला. आपण नसतानाही टीव्ही चालू असेल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्याच्या आयुष्यात तसं कधी घडलंच नव्हतं.

दोन-चार दिवसांनी बायांची मुकादम अंबिका दारात आली, ती पांढरीफटक पडून.

"दादा, आखाड्यात बाई रडून राहिली. कुलूप तर भायेरून हाय."

देविदास हसला. उंदीर असतील म्हणाला. पण दुसऱ्या सकाळी तो एकटाच रानात गेला, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की बांधावरची बाभळ जवळ गेल्याशिवाय दिसली नाही. कुठं पाखरूही बोलत नव्हतं. लिंबाखाली साखराबाईच्या समाधीचा ओटा दवानं काळा पडला होता आणि त्याच्या पलीकडं, कुलपाच्या आत, एक बाई हुंदके देत होती. मोटारीच्या घरघरीतून शब्द तुटक येत होते. पत्र्यातून गाळून येणारा तो आवाज ना जवळचा वाटत होता ना लांबचा.

"...माझ्या फोटोवर हात ठेवून... माझ्या मुलानेच मला फसवलं..."

आण देविदासनं एकट्या लेकीसमोर घेतली होती. फोटोवरच्या हाताचं रानातल्या आखाड्याला कसं कळलं? तेवढ्यात आवाज मधेच तुटला, मोटारही गप्प झाली आणि रान असं सुन्न झालं, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. तो मागं न बघता पळाला. एक चप्पल हरभऱ्यात राहिली, ती आणायला नंतरही कुणी गेलं नाही.

आठवड्यात बाया यायच्या बंद झाल्या. कापूस झाडावर लोंबायला लागला. गुराख्यांनी वाट बदलली. देविदासच्या बायकोनं, कावेरीबाईनं, त्याचं उतरलेलं तोंड बघितलं आणि ठरवून टाकलं, की ही सासूच आहे, तिचं काहीतरी मागं राहिलंय. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, सारं गाव रानात जेवायला असतं, तेव्हा चारचौघांत विचारून घेऊ. देविदास नको म्हणाला, पण का नको ते त्याला सांगता येईना.

येळवस आली. आखाड्यासमोर कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहिली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले, भज्जी आणि आंबिलाचा नैवेद्य झाला. पण एरवी दंगा करणारी माणसं त्या दिवशी दबक्या आवाजात जेवली. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता आणि प्रत्येकाची नजर फिरून फिरून त्या कुलपाकडं जात होती. सकाळची वीज त्या दिवशी दुपारपर्यंत आलीच नव्हती. जेवणं झाल्यावर कावेरीबाई पदर घेऊन समाधीच्या ओट्यासमोर उभी राहिली.

"आत्याबाई, काय राहिलं तुमचं? बोला."

म्हातारी माणसंही सुपारी चघळायची थांबली. मग आखाड्यात काहीतरी खटकन वाजलं, मोटार गुरगुरली आणि तिच्यामागून बाईचा आवाज उठला, भरून आलेला, संथ.

"किती दिवस तिला कोंडून ठेवणार आहेस? तुझ्या मायेची तिच्या पायात बेडी झाली आहे. तिला शिकू दे. जाऊ दे तिला!"

बायांनी पदर तोंडात धरले. साखराबाई इतकं शुद्ध कधीपासून बोलायला लागल्या, असं कुणीतरी कुजबुजलं. मेल्यावर माणूस सुधारतंय, असं अंबिकानं समजावलं.

इतक्यात सनई वाजली, दुःखी, लांबलेली. ती कानावर पडली आणि देविदासच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माय नव्हे. ही तर त्याच्या मालिकेतली मोठी सासूबाई! आणि दुसऱ्याच क्षणी त्याला दरदरून घाम फुटला, कारण सनई वाजली की जाहिरात लागते, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आपली मेलेली माय साऱ्या गावाला धुण्याची पावडर घ्यायला सांगणार. ही माय नाही म्हणावं, तर मग कोण, हेही सांगावं लागेल. टीव्ही निघाला तर आण मोडली म्हणून लेक जाणार. नाही निघाला तर आजीनं सांगितलं म्हणून जाणार.

त्यानं ऋतुजाकडं बघितलं. ती आखाड्याकडं बघत नव्हती. ती बापाकडं बघत होती, डोळ्यांत पाणी आणून, जणू आजीनं तिच्या मनातलंच बोलून टाकलं होतं. तिला जायचं होतं. टीव्ही असो की नसो, तिला जायचंच होतं, हे देविदासला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

"जाऊ देतो, माय!" तो ओरडला. "पोरीला लातूरला जाऊ देतो!"

पाया पडायला म्हणून तो एकटाच कुलूप काढून आत घुसला आणि दार लोटून घेतलं. पडद्यावर पावडरचा डबा उगवत होता. देविदासनं रिमोट काढला, मोठी सासूबाई पुढं काय करते ते न बघता बटण दाबलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं टीव्ही बंद केला. बाहेर लोकांनी हात जोडले. म्हातारी शांत झाली.

परतताना ऋतुजा त्याच्याशेजारून चालत होती. बरंच अंतर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, आजीचा रिमोट तुमच्या खिशातून दिसून राहिलाय."

देविदासनं तो आत ढकलला. तिनं त्याचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

ती लातूरला गेली. हदगावच्या पाहुण्यानं टीव्ही परत केला, असं गावाला कळवण्यात आलं. आता देविदासच्या घरी तो दिवसभर चालू असतो. देविदास त्याच्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसतो. कोण कुणाची सून, हेही त्याला अलीकडं सांगता येत नाही; घरात कुणाचा तरी आवाज असला म्हणजे झालं.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन येतो आणि ती पहिलं एकच विचारते.

"बाबा, टीव्ही लावून राहिले का?"

"न्हाई गं," देविदास रिमोट शोधत म्हणतो. "तुझी आजी आलीया."